सानोबर आपाच्या हातची रोटी

बुखाऱ्याच्या जुन्या मोहल्ल्यात सानोबर आपा तेवीस वर्षं तंदूर पेटवत आली. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. लेक निगिनाला तिने रोट्या विकून वाढवलं, शिकवून शाळामास्तरीण केलं. धगीने हात कोपरापर्यंत भाजून निघत, पण कच्ची रोटी घेऊन कुणी कधी परत आलं नाही.

कोविडच्या दुसऱ्या लशीनंतर महिन्याभरात तिच्या बोटांवर पांढरे डाग उठले, मग मनगटांवर. दवाखान्यातली डॉक्टर सरळ बोलली, "शरीराचे पहारेकरी आपल्याच रंगावर उलटलेत, आपा. लशीने चेतवलं असेल, नाहीतर तसंही आलं असतं. ते मला ठामपणे सांगता येणार नाही. पण हे दुसऱ्याला लागत नाही, एवढं ठामपणे सांगते."

मोहल्ल्याला डॉक्टर नकोच होती, नुसता शब्द पुरे होता. तो तयारच होता: पेस! पणजोबांच्या काळी असे डाग उठलेल्यांना पेस म्हणत, महारोग्यांसोबत वेशीबाहेर काढत आणि त्यांच्या हातचं पाणीही कुणी पीत नसे. ती वस्ती कधीच उठली, शब्दाला मात्र मरण नाही. शेजारीण येऊन "तरी सांगत होते, लस घेऊ नकोस!" असं शहाणपण शिकवून गेली, आणि जाताना दाराची कडी ओढणीत धरून उघडली. याच हातांचं खाऊन हिची तीन पोरं वाढली होती! लाज कशी ती वाटली नाही. पंधरा दिवसांत दारावर काळं कुत्रं फिरकेना.

अशातच निगिनाला मागणी आली. मुलगा तिच्याच शाळेतला, दोघांचं मनातून जमलेलं. आता त्याच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईने येऊन रोटी मोडली की सोयरीक पक्की.

मुलाची मावशी, रोबिया खाला, आली. सानोबरने दस्तरखान अंथरून त्यावर ताज्या रोट्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खालाने पिशवीतून दोन रोट्या काढल्या.

"म्हटलं, तू दमतेस, सानोबर. बाजारातून घेऊन आले."

निगिनाचा चेहरा पांढराफटक पडला. सानोबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण लेकीने डोळ्यांनीच विनवलं, म्हणून ती ओठ चावून बसली.

खालाने बिस्मिल्ला म्हणून रोटी मोडली आणि मोठा घास घेतला. "वा! याला म्हणतात रोटी. नाहीतर हल्ली कुणाच्या हातचं खायचं म्हणजे भीतीच वाटते, बाई."

सानोबरने मोडलेला तुकडा उचलून पाहिला, आणि तिला हसू आलं.

"खाला, हा मधला ठसा बघा. माझ्या सासूच्या जुन्या साच्याचा. अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. दारावर कुणी येईना, म्हणून मी बाजारातल्या दुकानात माल देते. तिथे रोटी बघतात, हात नाही. आज सकाळीच थापलीय ही, याच हातांनी."

तिने दोन्ही हात दस्तरखानावर पसरले. खालाचा जबडा जागीच थांबला. घास गिळवेना, आणि रोटी थुंकण्याचं पाप तर बुखाऱ्यात कुणी करत नाही.

"आई..." निगिना पुटपुटली.

"थांब गं. गिळा, खाला, सावकाश गिळा. तुमच्याकडून सोयरीक पक्की झाली. आमच्याकडून करायची की नाही, ते आम्ही मायलेकी बसून ठरवू."