माझं मरतं कोरल त्यांच्या जाहिरातीत

मंडळी, डोकं प्रचंड फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

घरातल्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधल्या कोरलसाठी परवा जयपूरच्या वैशाली नगरमधल्या एका दुकानातून नवीन एलईडी लाइट घेतला. कोरल म्हणजे प्रवाळ, जिवंत प्राणी, त्याला प्रखर उजेडाची सवय हळूहळू लावावी लागते. म्हणून दुकानदाराला मुद्दाम विचारलं, "भैया, सुरुवातीला कमी ठेवू ना?"

"अरे मॅडम, फुल पे चलाइए! जयपुर की धूप से तो तेज नहीं है!"

ठेवला फुलवर. आज सकाळी बघते तर माझं हिरवंगार कोरल पांढरंफटक! उजेडाने भाजून निघालंय बिचारं. संतापून फोटो त्यांना पाठवला, "देखिए, क्या हाल हुआ!"

दुपारी सहज त्यांचं स्टेटस उघडलं, तर तिथे माझाच फोटो! खाली लिहिलंय, "हमारी लाइट का कमाल, कोरल चाँदी जैसा चमके."

फोन करून फैलावर घेतलं, तर हसत म्हणतात, "नाराज क्यों होती हैं? फोटो देखकर दो लोगों ने वही लाइट बुक कर दी!"

त्या दोघांपैकी कोणी या ग्रुपवर आहे का? असाल तर आधी माझ्या घरी या. त्या फोटोतलं कोरल मरताना दाखवते.