माशांना दिलेली खिडकी

लकव्यानंतर अण्णांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, दोनच शब्द उरले: 'व्हय' आणि 'नाय'. पैठणच्या एसटीवर ड्रायव्हर असताना अख्खी गाडी गप्पांत गुंतवणारा माणूस हा. त्यांच्या खाटेसमोर मी काचेची टाकी मांडली, चार गोल्डफिश सोडले. जन्मभर काचेतून समोर बघत आलेत, म्हटलं, बघू देत. आणि ते खरंच दिवसभर बघत. एखादा मासा दगडामागं गेला की कासावीस होत, बाहेर आला की म्हणत, "व्हय."

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. एक मेला, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

मग मी दुधाच्या पिशव्यांत बर्फ करून टाकीत सोडू लागलो. बायको म्हणाली, "अहो, त्या माशांना घडीत महाबळेश्वर दाखवता, घडीत आपलं गाव. अन् माझी भाजी कुठं ठेवू?"

शेवटी शहागंजात, माशांच्या टाक्या विकतात त्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "टाकी कितने लिटर की?" नळ येतो त्या दिवशी हंडे मोजून भरणारा मी. सांगून टाकलं, "सहा हंडे."

"साब, मछलियां पाले की बरात बुलाए?"

त्यानं टाकीच्या काठावर लावायचा एक पंखा दाखवला. स्वस्त होता, पण त्यानं पाणी उडतं, रोज भर घालावी लागते. आमच्याकडं प्यायला अन् अण्णांच्या कूलरलाच पुरेना, तो बाद. राहिला चिलर, टाकीतलं पाणी गार करणारं यंत्र. "मछलियां एकदम ठंडी," दुकानदार म्हणाला, "पर इसकी गर्मी पीछे से निकलती. खिडकी में रखना, नहीं तो कमरे की भट्टी होती." मी जाणत्यासारखी मान हलवली आणि चिलर घरी आणला.

खिडकीचा घोळ घरी आल्यावर कळला. अण्णांच्या खोलीला खिडकी एकच, आणि तीत त्यांचा कूलर. दोन भिंतींना शेजारी चिकटलेले, तिसरीला जिना, दारापलीकडं स्वयंपाकघर.

"ठेवा की इकडं," बायको म्हणाली. "मासे गार, अन् मी तळलेली."

मग अण्णांनाच विचारलं. "तुमचा कूलर काढू?"

"व्हय."

"लई उकडंल."

"व्हय."

"त्यापेक्षा मासे परत देऊन येतो."

"नाय!" इतका मोठा आवाज त्यांनी आजारपणात काढला नव्हता.

कूलर दारात आला. तिथं बाहेरची हवा कुठली? नुसती दमट वाफ फेकत राहिला. खिडकीत चिलर गुरगुरू लागला आणि तिन्ही मासे असे सुळसुळ फिरू लागले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, जणू पोहायला मीच शिकवलं.

अण्णांनी मात्र खुणेनं कूस बदलून मागितली. भिंत जरा गार लागते. तिला कपाळ टेकवून ते डोळे मिटून पडले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

"अण्णा, मासे बघता का?"

"नाय."

"कूलर परत खिडकीत लावू?"

"नाय."

त्या दोन शब्दांत बसेल असं आणखी काय विचारावं, मला सुचत नाही. शाळेत वादविवादात बक्षीस मिळवलेला माणूस मी! मागं टाकीत मासे गार पाण्यात मजेत फिरत असतात. मी दुपारभर खाटेच्या कडेला बसून अण्णांच्या पाठीवर वर्तमानपत्रानं वारा घालतो. टाकीकडं आता मीही बघत नाही.