लाल पाणी आणि गच्चीवरचे काका

मुलुंडमधली ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तिथल्या पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"साहेब, नळाला रक्तासारखं पाणी येतंय. टाकीत कोणीतरी काहीतरी टाकलंय. एका मुलीला उलट्या सुरू झाल्यात."

ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगून मी निघालो. सोसायटीत प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, पण संशय एकावरच. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बस कंडक्टर, मूळचे मालवणकडचे. गळतीवरून त्यांचं सेक्रेटरींशी वाजलं होतं आणि आदल्या संध्याकाळी ते गच्चीवरून उतरताना दिसले होते. टाकी गच्चीवरच.

त्यांना ठाण्यात आणलं. मागोमाग बायकोही आली, बाहेर बाकावर बसली.

"काका, गच्चीवर गेला होतात?"

"गेलो होतो."

"कशाला?"

त्यांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"टाकीत काय टाकलंत?"

"काय नाय टाकलं, साहेब."

"मग कशाला गेलात ते सांगा ना."

"ता मी सांगूचंय नाय."

माणूस खोटं बोलत नव्हता आणि खरंही सांगत नव्हता. मला काही कळेना.

पुन्हा सोसायटीत गेलो. पंचांसमक्ष स्वच्छ काचेच्या बाटल्यांत नमुने घेतले. टाकीतलं पाणी नितळ! त्याच टाकीचं पाणी स्वयंपाकघरात स्वच्छ, न्हाणीघरात लाल. गोंधळ आणखी वाढला. विष टाकीत असेल तर एकाच नळाला कसं?

पालिकेच्या अभियंत्याने न्हाणीघराचा नळ तसाच वाहू दिला. हळूहळू लाली उतरली. बाटलीच्या तळाशी तांबूस गाळ बसला.

"टाकी कधी धुतली?" त्याने विचारलं.

"काल दुपारी," सेक्रेटरी म्हणाले.

स्वयंपाकघराचे पाइप नवे, प्लॅस्टिकचे. न्हाणीघराचे जुने, लोखंडी. टाकी धुताना रिकाम्या झालेल्या पाइपांत सकाळी पाणी जोरात सुटलं आणि आतला गंज निघाला. प्रयोगशाळेच्या अहवालातही पुढे लोहच आलं, विष नाही. मुलीच्या उलट्या डॉक्टरांच्या मते भीतीने झाल्या होत्या.

ठाण्यात परतून काकांना म्हणालो, "तुम्ही सुटलात. आता तरी सांगा."

ते खाली बघत बोलले. त्यांच्या मुलीने परस्पर लग्न केलं होतं. तिचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यांनीच बायकोला बजावलं होतं. आणि रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन तेच तिला फोन करत होते.

आम्ही बाहेर आलो. बायको उठली. "साहेब, हे गच्चीवर कशाला जायचे?"

काकाच पुटपुटले, "आपली पोरगी पोटुशी आसा."

ती त्यांची बाही धरून ओरडली, "आणि माका आता सांगतास?" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. लपवलेली गोष्ट गुन्हाच असते असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर कुणी संशयित तोंड उघडेनासा झाला, की मी आधी बघायचो, दाराबाहेर त्याचं कोण बसलंय.