आत्याच्या गाठीतली मज्जा

हाड नसलेल्या जागी अस्थिमज्जा कशी तयार होते? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा.

मुतखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये आत्याच्या माकडहाडापुढे गाठ दिसली होती. कॅन्सरच, असं धरून तिने पावसच्या बागेतली नवी आंब्याची कलमं जावेच्या हवाली केली होती.

आज रत्नागिरीला बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला. घरात पदवीधर मी एकटीच, तीही बी.कॉम., तरी कागद माझ्याच हातात आला.

डॉक्टर म्हणाल्या, "मायलोलिपोमा. चरबी आणि मज्जेची साधी गाठ. सहसा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत होते, बाहेर क्वचितच. कॅन्सर नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "हाड नाय, मग मज्जेचं कलम तिथं बांधलं कोणी गो?"

एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. शिकलेल्या मुलीने अडू नये, असं वाटायचं. आज ओशाळतच 'मला माहीत नाही' म्हटलं आणि डॉक्टरांनाच विचारलं.

"अंदाज आहेत," त्या म्हणाल्या, "नक्की कोणालाच ठाऊक नाही."

"मग तू कशाला लाजतेस?" आत्या मला म्हणाली.

घरी येऊन मी रिपोर्टचा अर्थ मराठीत लिहिला. शेवटची ओळ, 'गाठ तिथे का झाली, हे माहीत नाही.' खाली सही करून कागद तिच्या फाइलीत लावला.