मॅडम आणि सहावा सिलिंडर

मॅडमचं हसणं चालू इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येई. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात बोटींची डिझेल इंजिनं तपासली जात, त्या शेडमध्ये आम्ही दोघी इंजिनिअर होतो. एकाच आठवड्यात लागलेल्या, एकाच हुद्द्याच्या. तरी सगळ्यांच्या तोंडी ती 'मॅडम' आणि मी 'दुसऱ्या मॅडम'. हे कुणी ठरवलं, मला आजवर कळलेलं नाही.

ती बदलापूरच्या बेलवलीची, मी उल्हासनगरची. एकदा कापड घ्यायला तिला आमच्या बाजारात नेलं. दुकानदार सिंधी काका मला परकरात असल्यापासून ओळखणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, तिच्यासाठी चहा मागवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू भी पियेगी क्या, बेटा?" मी नको म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत जळत राहिले.

कुणी "असं असेल" म्हटलं, की मॅडम लगेच म्हणे, "असेल नको. दाखव."

दोन हजार पाचच्या आसपास जास्त ताकदीचं एक नवं इंजिन आलं. पूर्ण लोडवर ते काळा धूर ओकायचं. उघडलं, तर सहाव्या पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह आपटल्याची खूण. म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा बंद होत होता. मी म्हणाले, गिअर बसवताना टायमिंग चुकलंय. पुन्हा बसवलं, खूण पुन्हा उमटली. ग्राहक ऑर्डर रद्द करायच्या गोष्टी बोलू लागला.

"टायमिंग बरोबर आहे गं," मॅडम म्हणाली. "पण इंजिन थांबलेलं असताना. पळताना कॅमशाफ्टला पीळ पडतोय. त्याला फिरवणारा गिअर पुढे, आणि सहावा सिलिंडर पार मागे."

"एवढ्या जाड पोलादाला पीळ?"

"थांब, दाखवते."

तिनं व्हॉल्व्ह हलवणाऱ्या त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रेघा मारल्या आणि झाकणांना काचा बसवून घेतल्या. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर लुकलुकणारा दिवा मारला, की फिरती रेघ जागच्या जागी उभी दिसते. ती पुढच्या टोकाशी उभी राहिली, मी मागच्या. लोड वाढत गेला.

"माझी हलत नाहीये!" ती ओरडली. "तुझी?"

माझी रेघ हळूहळू मागे पडत होती. ते फक्त मलाच दिसत होतं. अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं मलाच ओरडावं लागलं, "सरकतेय!"

त्यानंतर तिला पुण्याच्या डिझाइन विभागात बोलावलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "तू अडून बसलीस म्हणून मी दाखवलं. नाहीतर नुसती बोलत बसले असते." तिच्यावर चिडायला तिनं तेवढीसुद्धा जागा ठेवली नाही.

पुढे तिनं आखलेला जाड शाफ्ट आमच्याकडे आला. दिवसभर पूर्ण लोडवर इंजिन पळवलं. मग उघडून सहाव्या पिस्टनवर मी बॅटरी मारली, तिरकी धरून पुन्हा मारली. पिस्टन स्वच्छ होता. मी पुण्याला फोन लावला.

"खूण नाही," मी म्हणाले.

"तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

"मग प्रश्नच मिटला," ती म्हणाली आणि इंजिनाबद्दल आणखी काही न विचारता माझ्या आईची तब्येत विचारू लागली.

इतका विश्वास मला तिच्यावर कधीच टाकता आला नव्हता. तेही तिलाच जमलं.