एका माणसाची सीट

बोलताना मी नवऱ्याला 'तुमी' म्हणते. या वहीत 'तो' म्हणणार आहे. त्याला कागदाचा कंटाळा आहे आणि वही ज्वारीच्या कोठीमागे असते, तिथं त्याचा हात कधी जात नाही.

आमचं घर जाम गावात, हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेला लागून. पुढे त्याचं दुकान, मागे आम्ही दोघं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. ट्रकांचे पंक्चर, सायकली, स्टोव्ह, जे येईल ते तो दुरुस्त करायचा. माझं माहेर रोहणा. जामहून वर्ध्याला मोटर, वर्ध्याहून पुलगावला रेल्वे, तिथून आर्वीची लहान रुळांची गाडी. एकट्या बाईनं एवढं कुठं जायचं, असं तो म्हणायचा, आणि दुकान सोडून मला न्यायला त्याला सवड नसायची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मायची माझी दोनदाच भेट झाली होती.

मग त्यानं लिलावातून लढाईतली एक खाकी मोटरसायकल आणली. सांगाडा ट्रकवर, इंजिन दोन पोत्यांत. त्या दिवशी तो भलताच खूश होता.

"पाह्यजो, हे चालू झाली का तुले मागं बसवतो अन् एका दमात रोहण्याले नेतो. सकाळी निघू, जेवाले मायकडं."

या एका बोलण्यावर मी त्या गाडीत हात घातला. इंजिनचा एक एक तुकडा राखेनं आणि रॉकेलनं घासला. कुठला स्क्रू कुठून निघाला ते लक्षात राहावं म्हणून चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधून ओळीनं ठेवल्या. मागच्या लोखंडी कॅरिअरवर बसायला स्वतःसाठी गादी शिवली. वर ताडपत्री, आत पिंजलेला कापूस. गादीवर बसून पाहिलं आणि डोळे मिटले तर रोहण्याची वेस दिसली.

सगळ्यात नाजूक काम पॉइंटचं. इंजिनाला वीज देणाऱ्या मॅग्नेटोच्या गोल झाकणाखाली दोन बारीक टिकल्या असतात. त्या उघडल्या की ठिणगी पडते. उघडल्यावर मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट लागते, आणि मग एक छोटा स्क्रू आवळून ती पक्की करायची. त्याची बोटं जाड, जवळचं नीट दिसायचं नाही. दहा वेळा लावून दहा वेळा चुकला. मी एकदा लावून दिले. तो किक हळूहळू दाबायचा, मी फटीत पोस्टकार्डाची पट्टी सरकवायची. पट्टी अडकू नये, ढिलीही राहू नये. तेव्हापासून ते काम माझंच झालं.

मध्येच हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या एका फिटरनं त्याला इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवलं. टोळासारखी लांब गाडी, आणि वर पोटावर झोपल्यासारखा माणूस. फिटर म्हणाला, विलायतेत पोरं अशा गाड्या घरीच बनवतात आणि चहाच्या एका हॉटेलापासून दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावतात. त्या चित्रानं त्याचं डोकं फिरवलं. हँडल काढून उलटं बसवलं. मडगार्ड कापले. ट्रकच्या फुटक्या दाराचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठोकून लांब टाकी केली. सांधे गळतात का ते मी साबणाचा फेस लावून पाहायची, फुगा आला तिथं तो कथलाचा डाग द्यायचा. हे सगळं मला पाहायलाही आवडत होतं. मग एका दुपारी तो लोखंडाची करवत घेऊन कॅरिअर कापायला बसला.

"अजी, हे काऊन कापता? मी कुठं बसू?"

"मागचं वजन राह्यलं तं गाडी पळत नाई."

"अन् रोहणा?"

"रोहणा काय पळून जाते का कुठं?"

कॅरिअर पडलं. मी शिवलेली गादी उसवून त्यातलाच कापूस त्यानं नव्या सीटमध्ये भरायला लावला. एका माणसाची सीट, मागे कुबड आलेली. ती शिवली मीच. दुकानात कुणी विचारलं तर सांगायचा, हिंगणघाटच्या शिंप्याकडून आणली. इंजिनचं विचारलं तर छाती ठोकून म्हणायचा, "सारं एकट्यानं केलं."

एक ट्रकवाला सरदारजी पाणी प्यायला आला होता. तो गाडीभोवती फिरला आणि मला म्हणाला, "भाभीजी, आप को कहाँ बिठाएगा? टंकी पे?"

मी पदर ओढून आत गेले. बाहेर नवरा म्हणाला, "बायकोले बसवाले बैलाचं खाचर आहे ना, सरदारजी!" दोघं खूप हसले.

हिंगणघाटच्या एका शेठच्या मुलाकडे कोरी मोटरसायकल होती. त्याच्याशी यानं शर्यत लावली. रविवारी सकाळी जामच्या चहाच्या हॉटेलापासून हिंगणघाटच्या हॉटेलापर्यंत जायचं आणि परत यायचं. आठवडाभर आजूबाजूच्या गावांत दुसरा विषय नव्हता.

शनिवारी सकाळी त्यानं मला पॉइंट लावायला बोलावलं. जुनी पट्टी तेलानं फुगली होती म्हणून त्यानं नवी कापून दिली. मी ती फटीत घालायला डोळ्यांजवळ नेली. तिच्यावर निळ्या शाईची एक ओळ होती. अक्षर माझ्या भावाचं.

'यनं अंथरूण धरलं आहे. रोज बाईची वाट पा'

एवढंच. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं वाचायला चौथीही लागत नाही. आधीचा 'मा' कापला गेला होता, आणि बाई म्हणजे मी. माहेरी मला बाईच म्हणतात.

"दादाचं कार्ड आलतं?"

तो प्लगवर फुंकर मारत होता. "आलतं."

"कवा?"

"झाले असतीन आठ-दहा दिवस. म्हाताऱ्या मानसाईचं असंच राह्यते. उठते अन् पडते."

"मले सांगतलं नाई."

"सांगतलं असतं तं तू रडत बसली असती. मंग हे पॉइंट कोनं लावून देल्ले असते, तुह्या बापानं?" आणि वर म्हणाला, "चाल, पट्टी घाल. उद्याचं होऊन जाऊ दे."

माझा बाप मी सहा वर्षांची असताना गेला. मायनं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून आम्हाला वाढवलं, आणि भावाबरोबर मलाही शाळेत बसवलं, लोक हसत होते तरी.

मी रडले नाही. "धरा किक," म्हटलं. पट्टी घातली, फट बरोबर केली. मग तो छोटा स्क्रू आवळला, आणि तो उठून पाना ठेवायला वळला तेव्हा अर्धा फेरा परत सोडला. झाकण लावलं. गाडी पहिल्या किकला चालू झाली. त्यानं पाठीवर थाप मारली, माझ्या नव्हे, टाकीच्या.

उरलेलं कार्ड मला खिळ्यांच्या डब्यात सापडलं. त्यात लिहिलं होतं, बाईला घेऊन या, जमत नसेल तर दोन ओळी टाका, मी न्यायला येतो. दोन ओळी. तेवढ्याही त्यानं टाकल्या नव्हत्या.

रविवारी सगळं गाव सडकेवर होतं. हॉटेलवाल्यानं रुमाल हलवला आणि दोन्ही गाड्या धुळीत गेल्या. आमची पुढे होती. चांगली दोन हात पुढे, हेही लिहून ठेवते, कारण ती गाडी चांगलीच झाली होती. मी आत येऊन दोन लुगडी गाठोड्यात बांधली. दिवाळीला भावानं ओवाळणीत टाकलेले रुपये कमरेला खोचले आणि वर्ध्याच्या मोटरीसाठी लिंबाखाली जाऊन उभी राहिले. मी कधी तिकीट काढलं नव्हतं. रुपये मुठीत घेऊन कुणाला द्यायचे ते पाहत होते. शेजारी एक म्हातारी होती, तिनंच मला विचारून माझंही तिकीट सांगितलं.

मोटर सुटायला वेळ झाला, ते बरं झालं. मी खिडकीजवळ बसले होते. आधी शेठचा मुलगा एकटाच परत आला. चहा मागवला आणि बशीत ओतून सावकाश प्यायला. त्याचा चहा संपत आला तेव्हा सरकीनं भरलेला एक ट्रक आला. पोत्यांवर आमची मोटरसायकल आडवी निजलेली आणि तिच्याजवळ माझा नवरा, तोंडाला काळं लागलेला.

"या पैलवान!" शेठच्या मुलानं हाक दिली. "आमच्या जिनिंगची सरकी अन् तिच्यावर तुमची रेसर! तिले सरकीची ढेप चारून पाहा, उभी राह्यते का!"

सगळी सडक हसली. शर्यत पाहायला आलेल्या फिटरनं विचारलं, "अरे, पॉइंट पाह्यले का?"

"पाह्यले ना," तो म्हणाला. पाहिले नव्हते. पाहून उपयोग नव्हता, आणि ते कोण लावतं हे त्याला तिथं सांगता येत नव्हतं. त्यानं मान वळवली आणि मोटरीच्या खिडकीत मला पाहिलं. एरवी मी पदर पुढे ओढला असता. ओढला नाही. पाहून घेतलं त्याला पोटभर. मोटर सुटली.

रोहण्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ ओसरीवर बसला होता. मला पाहून उठला आणि भिंतीला टेकला.

"परवापर्यंत बोलत होती वं बाई. तुलेच इचारत होती. आता वाचा गेली."

मी मायजवळ बसले. तिनं माझी बोटं चाचपली. नखांत काळं ग्रीस होतं, शिवायचा दाभण लागून चामडी जाड झालेली. तिला तो आपल्या लेकीचा हात वाटला नसावा. तिनं सोडून दिला. चौथ्या दिवशी ती गेली.

तेरवीला तो आला, रेल्वेनं. लोकांत चांगला वागला, पंगतीत वाढलं सुद्धा. संध्याकाळी विहिरीजवळ मला गाठून हळूच म्हणाला, "गाडी चालू होत नाई. घरी आली का एकडाव पाहून दे."

"मले काय समजते त्याच्यातलं?" मी म्हटलं.

मी जामला परतले त्याला दीड वर्ष झालं. गाडी मागच्या पडवीत आहे. ढिला स्क्रू त्याला सापडला, पण नुसता आवळून काय होतं, फट तर मिटली. हिंगणघाटला कुणालाही दाखवली तर घटकाभरात चालू होईल. तिथं नेली तर एकट्यानं केली हे खोटं पडतं, म्हणून नेत नाही. फुरसत मिळाली की झाकण उघडून बसतो, डोळे बारीक करतो. मी समोर पीठ मळते. फट कुठं चुकली ते मला इथूनच दिसतं. हात वळवळतात, खोटं का लिहू. मी ते पिठात घालून ठेवते.

मी पोचायच्या दोन दिवस आधीपर्यंत माय बोलत होती. कार्ड आलं त्या दिवशी निघाले असते तर आठ दिवस बोलली असती माझ्याशी. हा हिशोब मी कुणापुढे मांडलेला नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

परवा तो करवत आणि लोखंडाची पट्टी घेऊन आला. कधी नव्हे तो माझ्याजवळ जमिनीवर बसला.

"मागचं कॅरिअर जोडून देतो," म्हणाला. "मस्त गादी करू. तू फक्त पॉइंट लावून दे. तुले बसवून नेतो."

"कुठं?" मी विचारलं.

त्यानं लोखंडाची पट्टी या हातातून त्या हातात घेतली. त्याला काही सुचतंय का म्हणून मी थांबले, खरंच थांबले. मग उठून चुलीकडे गेले.