ठेवल्या नाहीत, तर कळलं कसं?

सगळ्यांना जयभीम. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. आमच्या वडवणीच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. कुणी भानामतीचं काढलं की ते ताटावरून उठायचे. मी स्वतः बीडला एका लॅबमध्ये रक्त तपासते... म्हणजे दिसेल तेवढंच मानायचं, ही सवय. तरी लिहितेय, कारण हे सांगायला दुसरी जागा राहिली नाही.

माझी मोठी बहीण, ताई, बीडलाच दिलेली. झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दाजी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचे. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. आप्पांच्या पाया पडल्याशिवाय आमच्या घरातून निघायचे नाहीत. लग्नानंतर वर्षभरात ताईच्या वस्तू हरवायला लागल्या. चष्मा, कानातलं, चार्जर. मग त्या भलतीकडेच सापडायच्या आणि दाजी हळूच म्हणायचे, "तूच ठेवलंस की. आठवत न्हाई का?"

मला जुने ब्लॅक अँड व्हाइट सस्पेन्स सिनेमे लई आवडतात — ते, ज्यात नवरा बायकोला हळूहळू वेडी ठरवतो. मी म्हटलं, "ताई, हे सिनेमातल्यावानी चाललंय बघ."

"सिनेमातल्या नवऱ्याला इस्टेट पायजे असती गं," ती म्हणाली. "माझ्याकडं काय हाय?"

मग तिनं सांगितलं, की घरात एक बाई बोलते. दिसत नाही. वस्तू कुठं आहे तेवढं सांगते, आणि ती तिथंच निघते. खरं सांगते, ते ऐकून मला दाजींची नाही, ताईचीच भीती वाटली.

एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेलते. शाळेच्या किल्ल्या सापडत नव्हत्या, हेडमास्तरांचे फोन येऊन गेलेले. "शोधा दोघी, मी काय बोलतच न्हाई," म्हणून दाजी अंघोळीला गेले. आम्ही स्वयंपाकघरात. लाइट गेलेली, टीव्ही-पंखा बंद, शेजारच्यांना कुलूप. ताई तांदूळ धूत होती. आणि माझ्या अगदी मागून, दमलेल्या बाईचा आवाज आला —

"त्याच्या बॅगेत हायत. आतल्या खिशात."

मी वळले. मागं नुसती भिंत.

ताई वळलीसुद्धा नाही. हात पातेल्यात तसाच. "तुला पण आलं का ऐकू?" मी कशीबशी "हो" म्हणाले, तर ती खाली बसून रडायलाच लागली... भीतीनं नाही, सुटल्यासारखी.

बॅग बाहेरच्या खोलीत खुंटीला होती. चेन मी माझ्या हातानं उघडली. किल्ल्या आतल्या खिशातच होत्या; ताई मागोमाग आली होती, मी त्या तिच्या हातात दिल्या. मला वाटलं, सापडला आता हा माणूस! तेवढ्यात दाजी डोकं पुसत बाहेर आले. उघडी बॅग आणि ताईच्या हातातल्या किल्ल्या बघून जरासुद्धा दचकले नाहीत.

"मिळाल्या? माझ्या बॅगेत? तू ठेवल्या न्हाईत, तर तुला कळलं कसं?"

ताईनं किल्ल्या मुठीत आवळल्या. त्या बाईनं सांगितलेली प्रत्येक वस्तू ताईवरच उलटत होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी म्हणाले, "दाजी, मी पण ऐकलंय. कोणतरी बोललं इथं."

त्यांनी माझ्याकडं अगदी मायेनं पाहिलं. माझ्यासमोरच वडवणीला फोन लावला. "आप्पा, आता धाकटीला पण आवाज यायला लागलेत."

आप्पा संध्याकाळच्या गाडीनं आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, माणूस न्हाई तिथं आवाज कुठून यील? तू तर शिकलेली." दुसऱ्या दिवशी ते ताईला डॉक्टरकडं घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, मग रजा, मग नोकरी सुटली. शेवटी दाजींनीच तिला वडवणीला आणून सोडलं, आप्पांच्या पाया पडले आणि परत आले नाहीत.

ताईचं बीडचं घर नवं होतं. यांच्याआधी तिथं कुणी राहिलेलं नाही. मालकाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं... कुणी बाई तिथं गेली नाही, मेली नाही.

मागच्या महिन्यात ताई मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "ताई, कोण असंल गं ती?"

"कोण?"

"ती बाई. तुझ्या घरातली."

"कोणच नव्हतं तिथं." ती काड्या वेगळ्या करत राहिली. "मीच लपवायची. ह्यांनी किती समजावलं, मलाच पटत नव्हतं." मग माझ्याकडं बघून काळजीनं म्हणाली, "तुला अजून येतं का ऐकू? गोळ्या घेत जा बाई. बरं वाटतं."

ती बाई कोण होती, मला सांगता येणार नाही. तिचा आवाज ऐकलेली आता मी एकटीच उरले आहे... आणि परवा लॅबमध्ये माझं पेन दुसऱ्याच टेबलावर सापडलं, तेव्हा ते मीच ठेवलं का, हे कितीतरी वेळ मी आठवत बसले होते.